एमर्टच्या उतारावर तिसरी बुडी

पोटोमॅक नदी पायी ओलांडायची तर टोबियास एमर्टला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि टोबियास एमर्टला विचारायचं म्हणजे आधी पोहता येतंय का याची खात्री करून घ्यायची, असं दोन्ही सैन्यांत बोललं जाई.

उतार, म्हणजे पायी नदी पार करायची उथळ जागा, त्याच्या घराच्या खालीच होता. पावसाळी पूर ओसरला की पाणी माणसाच्या कमरेला लागे, तळाशी घट्ट गोटे, गाडीचं चाक रुतायचं नाव नाही. फक्त वाट सरळ नव्हती. मेरीलँडच्या काठावरच्या मोठ्या सिकामोर झाडापाशी पाण्यात शिरायचं, तिरकं वरच्या अंगाला बेटाच्या नाकापर्यंत जायचं, आणि तिथून खाली वळून पलीकडच्या व्हर्जिनियाच्या काठाला लागायचं. जो नाकासमोर चालला तो थेट डोहात. शेजारपाजारच्या लोकांना हे वळण ठाऊक होतं, पण ते परक्याशी फारसे बोलत नसत. बोलायचं काम टोबियास आनंदाने करी.

अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचं युद्ध सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. निळे कोट, म्हणजे उत्तरेचे, इकडून तिकडे जात, करडे कोट, म्हणजे दक्षिणेचे, तिकडून इकडे येत, मग दोघं आपापल्या घराची आठवण आल्यासारखे परत फिरत. जाता येता प्रत्येक पलटण एमर्टच्या शेताच्या कडेला मुक्काम ठोके. साहेबांचा सक्त हुकूम असे की, सरपणासाठी कुंपणाचा फक्त सगळ्यात वरचा वासा काढायचा, खालच्यांना हात लावायचा नाही. शिपाई हुकमाचे पक्के. पहिला येई तो वरचा वासा काढी. दुसरा येई तोवर खालचा वासा सगळ्यात वरचा झालेला असे, मग तो काढी. सकाळी कुंपणाचा मागमूस नसे आणि हुकूम तर कुणीच मोडलेला नसे. टोबियासने चार वेळा कुंपण घातलं आणि मग नाद सोडून दिला.

कुंपणाचा राग तो जिभेने काढी. निळ्यांना तो सांगे की उतार बेटाच्या खाली आहे, करड्यांना सांगे की औंदा उतारच नाही. खोटं बोलण्यात त्याने कधी दुजाभाव केला नाही. जुलैत लॅथ्रॉप नावाच्या एका निळ्या कॅप्टनला त्याने टोपी काढून, अदबीने, सरळ डोहाची वाट दाखवली होती. पावांची एक गाडी आणि पलटणीच्या बँडचा मोठा ढोल पाण्यात गेला. पाव माशांनी खाल्ले. ढोल सहा मैल वाहत गेला आणि म्हणे एका म्हशीएवढ्या डुकराने तो हुंगून बघितला. हे डुकराचं टोबियासनेच रचलं असावं.

तर असल्या माणसाची बायको बार्बरा. ती होती बुडव्यांच्या मंडळीतली.

बुडवे हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. ते लोक एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत. लढाईत हत्यार धरायचं नाही, कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण जो कायमच खरं बोलतो त्याला शपथ कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून उमजून, वाहत्या नदीत. तळावर गुडघे टेकून बसायचं, आणि पाळक माणसाला तोंडाकडून पुढे पाण्यात तीनदा बुडवणार, एकदा पित्याच्या नावाने, एकदा पुत्राच्या, एकदा पवित्र आत्म्याच्या. तीन म्हणजे तीन. दोनात चालत नाही आणि पाठीवर उताणं बुडवलं तर तो बाप्तिस्माच नाही, नुसती आंघोळ.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, त्यांचं प्रीतिभोजन असे. सभाघरात लांबलचक टेबलं मांडायची, एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग चौघांत एक वाडगा घेऊन मेंढीच्या मटणाचा रस्सा आणि त्यात बुडवलेला पाव खायचा, मग प्रभूची भाकर आणि द्राक्षारस. टेबलाला बसायचा मान फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांचा. बाकीच्यांसाठी भिंतीकडेला बाकं. त्यांनी बसावं, बघावं, वास घ्यावा. टोबियास एकतीस वर्षं त्या बाकावर बसून रश्श्याचा वास घेत आला होता, आणि दर वेळी घरी जाताना म्हणायचा की देवाला माणसं हवी असती तर त्याने बाकावर निदान एक वाडगा पाठवला असता.

त्या सप्टेंबरात नदीच्या अलीकडे मोठी लढाई झाली. तोफांनी चुलीवरची भांडी दिवसभर थरथरत होती. त्यानंतर आठच दिवसांनी बार्बराच्या खोकल्यात रक्त दिसलं. डॉक्टर जखमींच्या हातापायांत गुंतलेला, तो पाच मिनिटं येऊन गेला आणि बाहेर व्हरांड्यात टोबियासला म्हणाला, "हिवाळा काढतील असं वाटत नाही."

टोबियासने आत जाऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणतो, साधी सर्दी आहे. मध खा."

"डॉक्टरचा आवाज मोठा आहे," बार्बरा म्हणाली. "मी ऐकलं."

तो खाटेच्या कडेला बसला.

"ऐक," ती म्हणाली. "मला काही नको. शाल नको, मध नको. या भोजनाला तू टेबलाला बसलेला मला बघायचा आहेस. एकदाच. समोरून."

"म्हणजे मी बाप्तिस्मा घेऊ?"

"नाहीतर काय, खिडकीतून आत शिरशील?"

"पाणी किती गार असतं ऑक्टोबरात, माहीत आहे तुला?"

"तुझ्या उतारातलं पाणी आहे. परकं नाही."

टोबियासने कोपऱ्यातली व्हिस्कीची सुरई उचलली, एक मोठा घोट घेतला आणि उरलेली खिडकीबाहेर कोंबड्यांच्या अंगणात ओतली. कोंबड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खुराड्यातून बाहेर आल्या नाहीत.

पाळक योनास गार्बर हा सहा फूट उंच शेतकरी होता. मंडळीच्या रीतीप्रमाणे मिश्या भादरलेल्या, दाढी छातीपर्यंत, आणि विनोद केला तर तो समजायला त्याला दोन दिवस लागत. त्याने टोबियासला स्वयंपाकघरात बसवून रीतसर विचारलं.

"शिव्या?"

"सोडीन."

"दारू?"

"कोंबड्यांना विचारा."

गार्बरने यावर बराच विचार केला आणि पुढे गेला. "खोटं बोलणं?"

टोबियास चुलीतली लाकडं सारखी करायला लागला.

"बंधू, मी विचारलं, खोटं बोलणं?"

"सैन्याशी बोलताना सुद्धा?"

"सैन्याशी बोलताना सुद्धा. आम्ही त्यांना मदत करत नाही, वाट दाखवत नाही. पण बोललोच तर खरं बोलतो."

"मग त्यांनी माझी मान कापली तर?"

"मग ती खरं बोलणारी मान असेल," गार्बर म्हणाला, आणि त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

टोबियासने खोलीच्या दाराकडे बघितलं. आतून खोकल्याचा आवाज आला. "बरं," तो म्हणाला. "सोडलं."

शनिवारी भोजन, म्हणून गुरुवारी दुपारी बाप्तिस्मा ठरला. सिकामोरखाली चाळीसेक माणसं जमली, काळ्या रुंद टोप्या आणि पांढरी टोपडी. बार्बराला गाडीतून आणून, गोधडीत गुंडाळून, काठावर खुर्चीत बसवलं होतं. टोबियास सदऱ्यावर पाण्यात शिरला आणि गुडघ्यापर्यंत गेल्यावर त्याच्या तोंडून एक शब्द निसटायला आला होता, तो त्याने दातांत अडवला. उताराच्या वाटेवरच, बेटाकडे जाताना तिसऱ्या हिश्श्यावर गार्बर थांबला. तिथे पाणी गार्बरच्या कमरेला होतं. टोबियासने गुडघे टेकले आणि पाणी त्याच्या गळ्याशी आलं.

गार्बरने त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारायचं ते विचारलं. टोबियास प्रत्येकाला हो म्हणाला. मग पित्याच्या नावाने पहिली बुडी. तो वर आला तो धापा टाकतच. पुत्राच्या नावाने दुसरी. पुन्हा वर आला, दाढीतून पाण्याच्या धारा, आणि डोळे उघडतो तर काठावर घोडे.

निळे घोडेस्वार. पन्नास तरी असतील. पुढे कॅप्टन लॅथ्रॉप.

गार्बरचा हात तसाच टोबियासच्या मानेवर राहिला. मंडळीचं गाणं अर्ध्यात थांबलं. लॅथ्रॉपने घोडा पाण्याच्या कडेला आणला आणि त्या भिजलेल्या डोक्याकडे निरखून बघितलं.

"अरे वा," तो म्हणाला. "ढोलवाला. काय करतोयस रे म्हाताऱ्या, बुडालेला ढोल शोधतोयस?"

"बाप्तिस्मा घेतोय," टोबियास म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

"मग जरा थांब, तुझा देव कुठे जात नाही. समोर त्या कोठारात करड्यांचे पहारेकरी आहेत. माझ्या दोन तोफा मागून येतायत. उतार कुठे आहे ते सांग, तासाभरात मी पलीकडे असेन आणि ते कोठार नसेल."

ते कोठार बार्बराच्या धाकट्या बहिणीचं, कॅटरिनाचं होतं. लढाईनंतर करड्यांनी सव्वीस जखमी तिथे पेंढ्यावर टाकून ठेवले होते, त्यांत पाच निळेही. हलवता न येण्यासारखे. कॅटरिना आणि तिच्या मुली त्यांना लापशी भरवत. करड्यांचे दोन पहारेकरी होते खरे, पण ते बहुतेक वेळ तिच्या पायरीवर बसून सफरचंदं सोलत.

"तिथे जखमी आहेत," टोबियास म्हणाला. "तुमचेही पाच आहेत."

"हे पण तूच सांगतोयस."

"जखमी आहेत, हे खरं आहे," गार्बर वरून म्हणाला.

लॅथ्रॉपने त्याच्याकडे बघितलं. बुडवे खोटं बोलत नाहीत, हे मेरीलँडमधल्या घोड्यांनासुद्धा ठाऊक होतं. "आणि पहारेकरी? आहेत की नाहीत?"

गार्बरने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. नाही म्हणणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं आणि हो म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याची दाढी तेवढी हलली.

"म्हणजे आहेत," लॅथ्रॉप म्हणाला. "आता उतार."

टोबियासच्या डोक्यात त्या गार पाण्यातही चक्रं फिरायला लागली. पिता आणि पुत्र झाले होते, पवित्र आत्मा अजून व्हायचा होता. म्हणजे तो दोन तृतीयांश बंधू झाला होता आणि एक तृतीयांश अजून जुना एमर्ट होता. त्या उरलेल्या हिश्श्याने एक शेवटचं खोटं बोलून घ्यायला देवाची हरकत नसावी. पण उपयोग काय? हा कॅप्टन त्याला ओळखत होता. टोबियासने डावीकडे म्हटलं असतं तर तो हमखास उजवीकडे गेला असता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की इथे खोट्याची गरजच नाही. इतकी वर्षं कमावलेली अब्रू आज कामाला येणार होती.

"उतार इथेच आहे, साहेब," तो मोठ्या आवाजात म्हणाला. "मी बसलोय ना, हाच. त्या झाडापाशी शिरा, तिरके बेटाच्या नाकापर्यंत या, तिथून खाली वळा. तोफांची चाकं रुतणार नाहीत. घोड्याचं पोटसुद्धा भिजणार नाही."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. इतकं सविस्तर खरं तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता.

लॅथ्रॉप हसला. त्याचे स्वारही हसले. "गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून म्हणतो, घोड्याचं पोट भिजणार नाही. म्हणजे इथे नाही हे तर नक्की झालं."

टोबियासने खाली मान घातली, कारण आनंद लपवायला दुसरी जागा नव्हती. तो उभा नसून गुडघ्यांवर बसला आहे हे त्या कॅप्टनच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याच्या गावात बहुधा लहान मुलांच्या कपाळावर चमचाभर पाणी शिंपडून काम भागवत असावेत.

पण लॅथ्रॉप अगदीच माठ नव्हता. घोडा वळवता वळवता तो थांबला. "एक मिनिट. त्याच्या गळ्याशी पाणी आणि याच्या कमरेशी, हे कसं? काय हो दाढीवाले, तुम्ही दगडावर उभे आहात का?"

"आम्ही लढाईत कुणालाच वाट दाखवत नाही," गार्बर म्हणाला. "त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही."

"नका दाखवू. सार्जंट, घोडा घाल पाण्यात. म्हातारा म्हणतो तसाच, झाडापासून तिरका. बघू किती खोल आहे."

सार्जंटने घोडा झाडाशी आणला. दहा पावलं पुरेशी होती. दहा पावलांत घोडा गुडघाभर पाण्यात उभा दिसला असता, आणि पलीकडच्या पायरीवर सफरचंद सोलणाऱ्यांना ते सोलून व्हायच्या आत गोळा बसला असता.

"त्या पोराला पाठवू नका, कॅप्टन."

आवाज काठावरून आला. बार्बरा खुर्चीत ताठ बसली होती. गोधडी खांद्यावरून घसरली होती.

"सप्टेंबरात तुमचेच तिघं इथे गेले," ती म्हणाली. "एकाचं प्रेत मिळालं. पाळक दगडावरच उभे आहेत, बाप्तिस्म्यासाठी आम्ही तो मुद्दाम टाकलाय. त्याच्या पुढे तळ नाही. उतार इथून सहा मैल खाली, जुन्या गिरणीपाशी आहे."

लॅथ्रॉपने टोपी काढली. "बाई, हे तुमचे कोण?" त्याने टोबियासकडे बोट केलं.

"माझा नवरा. त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. या नदीबद्दल तो आजवर कुणाशी खरं बोललेला नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही या मंडळीतल्याच ना?"

"एकतीस वर्षं."

"तुम्हा लोकांना खोटं बोलायला मनाई असते म्हणे."

"हो," बार्बरा म्हणाली. "आम्हाला मनाई आहे."

चाळीस माणसं त्या काठावर उभी होती. त्या प्रत्येकाला दगडाचं, तिघांचं आणि गिरणीचं काय खरं काय खोटं ते माहीत होतं. एकानेही श्वास घेतला नाही. लॅथ्रॉपने तिला सलाम केला, सार्जंटला मागे बोलावलं, आणि पन्नास घोडे नदीकाठाने खालच्या अंगाला निघून गेले. जुन्या गिरणीपाशी बदकंसुद्धा विचार करून उतरत. तिथे तोफा चिखलातून काढण्यात त्यांची रात्र गेली, आणि सकाळी त्यांना दुसरीकडे जायचा हुकूम आला. तेवढ्या वेळात कॅटरिनाने शेजाऱ्यांच्या गाड्या मागवून सगळ्या जखमींना डोंगराआड नेलं. निळे पाचही त्यांच्याबरोबरच गेले, कारण लापशी तिकडे होती.

"बंधू," गार्बर खालच्या आवाजात म्हणाला, "तिसरी राहिली आहे."

"राहिली आहे खरी," टोबियास म्हणाला. पण तो काठाकडे बघत होता. बार्बरा गोधडी खांद्यांवर ओढून घेत होती. पवित्र आत्म्याच्या नावाने तो पाण्याखाली गेला तेव्हा पहिल्यांदाच त्याला गारठा जाणवला नाही.

प्रीतिभोजनाच्या आधी दोन डीकनांनी, म्हणजे मंडळीच्या सेवकांनी, प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं, तुझं देवाशी आणि मंडळीशी सगळं ठीक आहे ना, अशी पद्धत होती. शुक्रवारी सकाळी डीकन पीटर क्लाइन आला तो दारातूनच मान हलवत. विचारायच्या आधीच उत्तर देत होता म्हणा ना.

"भगिनी बार्बरा, सगळं ठीक आहे. आहेच ना? आहे. चला, आम्हाला अजून पाच घरं आहेत."

"नाही, ठीक नाही," बार्बरा खाटेवरून म्हणाली. "मी काल खोटं बोलले. एक नाही, मोजून चार."

"तुला ताप आहे," टोबियास म्हणाला.

"ताप नाही. पीटर, तू तिथेच होतास. टोपी डोळ्यांवर ओढून उभा होतास."

पीटर क्लाइनने टोपी हातात घेऊन फिरवली. त्याचा मोठा मुलगा कॅटरिनाच्या जावयाबरोबर रात्रभर गाड्या हाकत होता. "भगिनी, कुणी काही म्हणालं नाही."

"मी म्हणतेय."

दुपारी गार्बर स्वतः आला. तो इतका उंच होता की त्या खोलीत त्याला वाकूनच दुःखी व्हावं लागे. त्याने खुर्ची ओढली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"सोपी गोष्ट आहे," तो म्हणाला. "मंडळीसमोर उभी राहा आणि म्हण, मला पश्चात्ताप होतो. तेवढंच. आम्ही क्षमा करू आणि उद्या तू टेबलाला बसशील."

"पण मला पश्चात्ताप होत नाही."

"थोडाही नाही?"

"बघितला शोधून. नाही. ते पाप होतं, हे मला कळतं. पण पुन्हा तो कॅप्टन आला तर मी पुन्हा तेच बोलेन. आता मला वाईट वाटतं असं मी म्हटलं, तर ते पाचवं खोटं होईल. आणि ते तर देवाच्या तोंडावर."

गार्बरने खुर्ची खाटेजवळ सरकवली. "तू बोललीस तेव्हा," तो म्हणाला, "मी पाण्यात उभं राहून देवाचे आभार मानले."

"मग तुम्हीही बाकावर या बसायला."

गार्बरला हा विनोद आहे की नाही ते दोन दिवसांनी कळलं असतं, पण त्याचे डोळे मात्र तिथल्या तिथे भरून आले. "पश्चात्ताप नसेल तर मला तुला टेबलाला बसवता येत नाही," तो म्हणाला. "पुढच्या वसंतातल्या भोजनापर्यंत तरी नाही."

वसंत. त्या खोलीतल्या तिघांनाही गणित येत होतं.

तो गेल्यावर टोबियासने इतक्या शिव्या हासडल्या की नव्या बाप्तिस्म्याला एका दमात भोकं पडली. "सव्वीस माणसं वाचवलीस तू. चाळीस जण तुझ्या पदराआड लपले. आणि आता ते रस्सा खाणार आणि तू बाकावर? मी जातो आणि सांगतो, मला नको तुमचं टेबल. मी बसतो तुझ्याशेजारी. मला त्या बाकाची सवय आहे."

"बस तर," बार्बरा म्हणाली. "बसून तर बघ."

"का?"

"एकतीस वर्षं मी रस्सा खाल्ला आणि समोर तू बाकावर. घास घशाखाली उतरायचा नाही, कधी सांगितलं नाही तुला. मला तू टेबलाला बसलेला बघायचा आहेस, टोबियास. मी टेबलावरून बघते का बाकावरून, त्याने काय फरक पडतो? उलट बाकावरून नीट दिसेल. तू उठून माझ्याकडे आलास, तर मी खोटं बोलले ते फुकट गेलं. अर्धं त्या जखमींसाठी बोलले, अर्धं या बघण्यासाठी, नाहीतर तुला खोटं बोलावं लागलं असतं आणि बाकावर तूच राहिला असतास. तू बसायचंस आणि जेवायचंस. सगळं."

टोबियासने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. बापाचं नाही, पाळकाचं नाही, दोन सेनापतींचं तर अजिबात नाही.

शनिवारी संध्याकाळी सभाघरात मेणबत्त्या लागल्या. टोबियास टेबलाला बसला, मिश्या भादरलेल्या, वरचा ओठ थंडीत उघडा पडल्यासारखा. शेजारच्या पीटर क्लाइनने टबात त्याचे पाय धुतले आणि टॉवेलने पुसले, आणि नव्या बंधूला द्यायचं ते पवित्र चुंबन दिलं, ज्याला कांद्याचा वास होता. मग रस्सा आला. चौघांत एक वाडगा, वर चरबीचे पिवळे थेंब, पावाचे तुकडे.

भिंतीकडेला बाकावर एकदोन बाप्तिस्मा न घेतलेले नवरे, काही पोरं, आणि त्यांच्यात बार्बरा. पांढरं टोपडं, हात मांडीवर. बायकांच्या टेबलाशी तिच्या जागी कुणी सरकून बसलं नव्हतं. ती जागा तशीच ठेवली होती, आणि बायका खाली मान घालून जेवत होत्या.

टोबियासने चमचा बुडवला. पहिला घास त्याने तोंडात तसाच धरून ठेवला. त्याने बाकाकडे बघितलं. ती थोडी पुढे झुकली होती, अशा चेहऱ्याने की आपण रांधलेलं कुणीतरी पहिल्यांदा चाखतंय. तिच्या ओठांचे कोपरे वर गेले होते. त्याने गिळलं. दुसरा चमचा. तिसरा. त्याची दाढी भिजत होती आणि ती रश्श्याने नव्हे, हे समोरच्या तिघांना दिसलं. त्यांनी वाडगा हळूच त्याच्याकडे सरकवला आणि आपले चमचे खाली ठेवले. चव त्याला कसलीच लागली नाही. मटण होतं का सलगम, तो सांगू शकला नसता. पण तो वाडग्याच्या तळापर्यंत जेवला आणि शेवटचा पावाचा तुकडा फिरवून त्याने कड पुसून खाल्ली, कारण ती तेही बघत होती.

बाहेर त्याने तिला उचलून गाडीत बसवलं. ती पेंढीइतकी हलकी झाली होती. त्याने गोधडी तिच्याभोवती खोचली आणि लगाम हातात घेतले.

"काय रे," ती म्हणाली, "कसा होता रस्सा?"

"इतका चांगला रस्सा मी जन्मात खाल्ला नाही," टोबियास म्हणाला.

लग्न झाल्यापासून त्याची एकही थाप तिने पकडल्याशिवाय सोडली नव्हती. ही तिने सोडली.